जळवंडीची एका दिवसाची परवानगी

सानपाडा, नवी मुंबई
१५ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप आत्याबाईंच्या पायांशी,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. महिन्याच्या सुरुवातीला ह्यांचं पत्र तुम्हाला ठरल्यासारखं येतं, ते या वेळी आलं नाही म्हणून तुम्ही पोस्टमनला वाटेत अडवलंत, असं बाबासो भाऊजींनी कळवलं. काळजीचं काही नाही. बाथरूममध्ये पाय घसरून ह्यांचा उजवा हात दुखावला आहे. प्लास्टर आहे. म्हणून पत्र मी लिहिते. शर्मिलाला माझं अक्षर लागेल ना?

तुमच्या छातीत मशीन बसवलं, आता जिना चढू नका, हंडा उचलू नका. शर्मिलाला बोलणी खायला लावू नका. तुम्ही पाणी भरताना दिसलात की डॉक्टर तिलाच रागावतात.

इथे सगळं ठीक. या वर्षी गणपती बसवला नाही, ह्यांच्या हातामुळे. तुम्ही ह्यांना दिलेला नेचा बाल्कनीत चांगला आहे, नवीन पानं गुंडाळी सोडताहेत. मी रोज पाणी मारते. निशांत आणि सूनबाई उलव्याहून रविवारी येऊन जातात.

तुमचा हात डोक्यावर आहे, तो तसाच असू द्या.

तुमची,
जयमाला

॥ श्री ॥

नवी जळवंडी
२९ सप्टेंबर २०२४

ती. अक्कांस, शर्मिलाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आत्याबाईंना वाचून दाखवलं. आता त्या सांगतात आणि मी लिहिते. मी बोलती तसंच लिही, पुस्तकी करू नगंस, अशी ताकीद मिळाली आहे. तर वाचा:

जया, तुझं पत्र पोचलं. समदं समजलं. मी बरी हाय. छातीतलं मशीन टिकटिक करंल असं वाटलं व्हतं, पन त्येचा काय आवाज न्हाई. पाऊस उघडला की जंगलाचं फाटक उघडतंय. मधू म्हनला व्हता, ह्या साली तुला जुन्या जळवंडीला न्हेऊन आनतो. आता तू न्हे. सकाळी आत जायाचं, सांजच्या आदी भाईर यायाचं, एका दिवसाचं काम हाय. बाबासोची जीप हाय. तू न्हाई म्हनू नगंस.

आत्याबाईंचं संपलं. त्या आता गव्हातले खडे बघायला बसल्या, इथून पुढे माझं.

अक्का, तुमचं पत्र मोठ्याने वाचताना माझी जीभ अडखळत होती. मधूभाऊंच्या दहाव्याला आमचे हे तिकडे आले, ते पर्यटकांना घेऊन महाबळेश्वरला चाललो असं आत्याबाईंना सांगून. आता प्लास्टर. अजून किती दिवस भाऊंना असं जिवंत ठेवायचं? साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले होते धक्का देऊ नका, ते पहिल्या महिन्याचं होतं. ह्यांना तेही पटत नाही. ते म्हणतात, आईला सांगायला मला तोंड नाही.

अजून एक. वाचून झाल्यावर आत्याबाईंनी पत्र मागून घेतलं, उलटसुलट बघितलं आणि फाडून चुलीत घातलं. भाऊंचं एकेक पत्र बिस्किटांच्या डब्यात आहे, आणि हे चुलीत. मग भर संध्याकाळी डोक्यावरून गार पाणी घेतलं. मी रागावले, तर अंग चिकट झालं म्हणाल्या. म्हातारपणाचं काही कळत नाही बघा.

फोन का उचलत नाही? टाकीवर चढून, रेंज शोधून मी करते, आणि तुमची नुसती रिंग वाजते.

माया आहे, ती कमी करू नका.

तुमची,
शर्मिला

सानपाडा
२० ऑक्टोबर २०२४

चि. सौ. शर्मिला हिस अनेक आशीर्वाद.

हे तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकते, आत्याबाईंसमोर पोस्टमनने द्यायला नको.

फोन उचलत नाही, कारण उचलला की समोरचं माणूस गप्प होतं आणि माझ्या रडण्याची वाट बघतं. मला रडू येत नाही. मग त्यांनाच भरून येतं आणि मी त्यांची समजूत घालत बसते. लिहिलेलं बरं. तुझा चेहरा दिसत नाही.

दहाव्याला बाबासो भाऊजी हमसून हमसून रडत होते, त्यांनी सांगितलंच असेल. तेव्हा मी गुरुजींच्या चपला कुठे गेल्या ते शोधत होते. चपला सापडल्या. तेवढंच मला त्या दिवसाचं नीट आठवतं. भाऊजींनी तिथेच बाजूला घेऊन सांगितलं, आईला एवढ्यात कळवू नका. मी बरं म्हटलं. त्या दिवसांत मी कशालाही बरं म्हणत होते.

आता सोसायटीत ह्यांच्या जागी मलाच सेक्रेटरी केलंय. टाकी साफ झाली नाही, लिफ्ट अडकली, कोणाच्या गाडीमागे कोणी गाडी लावली, सगळं माझ्याकडे येतं. मी बघते. लोक म्हणतात जयाताई छान सावरल्या. अगं, सावरायला आधी पडावं लागतं. मी पडलेच नाही, तिथेच उभी आहे. निशांत म्हणतो उलव्याला चल, मोठा फ्लॅट आहे, विमानतळ सुरू झाला की गॅलरीतून विमानं दिसतील. जाईनही. इथे काय नि तिथे काय.

निशांतची गीतांजली मला वाशीला एका समुपदेशक बाईंकडे घेऊन गेली. बाई चांगल्या होत्या. त्यांनी विचारलं कसं वाटतं. मी म्हटलं, दाढ काढायला भूल देतात ना, तसं. दाढ काढून झाली, जीभ लावली की खड्डा लागतो, पण भूल काही उतरत नाही. बाईंनी ते लिहून घेतलं.

म्हणून सांगते, मला जळवंडीला बोलावू नकोस. ह्यांची आई गेली तेव्हापासून आत्याबाईंनी ह्यांना वाढवलं. हे पाच वर्षांचे होते. तेव्हा जळवंडी अजून जंगलाच्या पोटात होती, कोणी उठवली नव्हती. ह्यांनी आई म्हणून त्यांनाच ओळखलं. त्यांना हे सांगायचं, त्या ऊर बडवून घेणार, आणि मी शेजारी कोरडी बसणार. त्या काय म्हणतील? माझ्या पोराच्या बायकोला काही वाटलंच नाही, हेच ना. आणि ते खोटं आहे असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

तू समजून घेतेस म्हणून लिहिते. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
अक्का

॥ श्री ॥

नवी जळवंडी
१० नोव्हेंबर २०२४

ती. अक्कांस सा. न. वि. वि.

तुम्ही नको म्हणालात, पण इकडे वऱ्हाड निघाल्यासारखी तयारी चालू आहे. आत्याबाईंनी गाडीपुढे नारळ फोडायचाच बाकी ठेवलाय.

आमचे हे जंगलखात्यात जाऊन सगळे नियम विचारून आले. सकाळी सहाला फाटक उघडतं. नावं आधी द्यावी लागतात, आधार कार्ड लागतं. आधार कार्डाचं ऐकून आत्याबाई जाम भडकल्या. म्हणाल्या, माझं लगीन त्या गावात झालं, बाबासो त्या गावात झाला, आन माझ्याच गावात शिरायला मला मीच हाय म्हनून दाखवावं लागतंय व्हय. ह्यांनी समजावलं, आता ते गाव नाही, राष्ट्रीय उद्यान आहे, त्यातलं मुंगीचं वारूळसुद्धा सरकारी आहे. मग त्या शांत झाल्या, पण कार्डावर नवी जळवंडी लिहिलंय ते खोडून मागतात. भाऊ नेहमी चिडवायचे ना, तुमची नवी जळवंडी, आमची नवी मुंबई, दोघींची नवलाई सरकारनेच केली.

डिसेंबरात या. आत्ता आत जळवा फार आहेत, मोज्यात शिरतात. डिसेंबरात वाट कोरडी होते. झाडी मात्र तेव्हाही तशीच गच्च, भर दुपारी सांज झाल्यासारखं वाटतं. शेकरू दिसतं, नशीब असलं तर धनेश दिसतो. आत प्लास्टिक चालत नाही, काडेपेटी चालत नाही, भडक कपडे नकोत. आत्याबाईंनी ट्रंकेतून लाल लुगडं काढलं होतं. गार्डसाहेब घरी चहाला आले, ते म्हणाले, आजी, लाल नको. तर आत्याबाईंनी त्यांना ऐकवलं, ह्याच लुगड्यानं तिथं म्हशी राखल्या, वाघ कवा काय बोलला न्हाई. आता हिरवं काढलंय, पण तोंड वाकडं करून.

दोन गोष्टी मात्र मला कळत नाहीत. आत्याबाईंनी ह्यांना विचारलं, शिजवलेला भात आत न्यायचा आणि ओढ्याकाठच्या शिळेवर ठेवून यायचा, हे चालेल का. ह्यांनी सांगितलं, डब्यात नेऊन आपण खायचा, उरलेला परत आणायचा, जनावरांना काही ठेवायचं नाही, तसा कायदाच आहे. त्यावर त्या बरं म्हणाल्या. पण रात्री जेवल्या नाहीत.

दुसरी गोष्ट. नावं लिहिताना मी मुद्दाम भाऊंचं नाव पुढे केलं, संशय नको म्हणून. तर त्या म्हणाल्या, त्याचं घालू नको, जया आली की झालं. भाऊंवर रुसल्यात बहुतेक. तुमचं दिवाळीचं पत्रही त्यांनी डब्यात ठेवलं नाही. बाहेर वळचणीला खोचून ठेवलंय, घरात आणू देत नाहीत.

अक्का, १४ डिसेंबरचा शनिवार धरलाय. भाऊंना सुट्टी मिळाली नाही म्हणू, पण तुम्ही या. आत्याबाईंना काय सांगायचं ते इथे चुलीपुढे बसून ठरवू.

आठवण काढता, अशीच काढत जा.

तुमची,
शर्मिला

सानपाडा
२४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. शर्मिला हिस अनेक आशीर्वाद.

मी ठरवलं. माझ्याऐवजी निशांत येईल. १४ तारखेला तो आत्याबाईंना आत घेऊन जाईल आणि संध्याकाळी घरी आल्यावर, गोळ्या घेऊन झाल्या की, तोच सांगेल. तो नातू आहे, त्याला मिठी मारून त्या रडतील तरी. माझं नाव काढून त्याचं घाल. त्याच्या आधारची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

आत्याबाईंना सांग की सोसायटीची मीटिंग आहे, मला निघता येत नाही. ते खोटंही नाही. मीटिंग मीच ठेवलीय त्या दिवशी.

नेच्याची खालची पानं वाळताहेत. पाणी देते तेवढंच देते. हे काय करायचे कोण जाणे.

रागावू नकोस. राग आला तरी पत्र लिहिणं सोडू नकोस.

तुझी,
अक्का

नवी जळवंडी
२ डिसेंबर २०२४

ती. अक्कांस सा. न.

तुमचा निरोप आत्याबाईंना सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं, दार लावायला सांगितलं, आणि पेन घे म्हणाल्या. मी सवयीने वर श्री घालायला गेले तर माझा हात धरला. पुढचं सगळं त्यांचं आहे. माझ्या रडण्याने मध्ये मध्ये शाई फुटली आहे, तिथे जुळवून वाचा.

जया,

मला अक्षर येत न्हाई ते तुला ठावं हाय. एकच येतंय. मधू शाळंत जायला लागला तवा पाटीवर श्री काढून मला दाखवायचा. म्हनायचा, आत्ती, तू बी काढ. तेवढी एक मी शिकली. पुढं म्हशी व्हत्या, शेत व्हतं, पुढचं ऱ्हायलं. त्याचं पत्र आलं की शर्मी वाचायच्या आदी मी वरची श्री बघून घ्यायची. श्री हाय म्हंजी घरात समदी धड हायती. मग डोळं मिटून ऐकायची.

भादव्यात तुझं पत्र आलं. वर बघितलं, श्री न्हाई. मागनं बघितलं, तिथंबी न्हाई. शर्मी आपली वाचतीया, हाताला प्लास्टर हाय म्हनून. मयताच्या कार्डाला श्री नसती, पन ह्या पोरींनी तसलं कार्ड कवा बघितलंच न्हाई, त्यास्नी काय ठावं. बिगर श्रीचं पत्र आलं की ऐकायचं, फाडायचं आन आंगूळ करायची. तशी मी केली.

मला वाटलं, तू जानूनबुजून तसं धाडलंस. वाचनारीला कळू नये आन माझं मला कळावं, म्हनून. मनात म्हनलं, पोरगी श्यानी हाय, मला एकटीला बाजूला घिऊन सांगिटलं. मग दिवाळीचं पत्र आलं, त्याच्यावरबी श्री न्हाई. तवा उमगलं, हिनं काय सांगिटलेलं न्हाई. हिला श्री घालायचं सुधरतच न्हाई.

बाबासो आन शर्मी माझ्यापासनं लपवत्यात. मला कळलंय हे मी आजवर त्यांच्यापासनं लपवलं. आपली आई खुशीत हाय म्हनून बाबासो जेवतो, त्याचा घास कशाला काढू. पन मला रडायची चोरी झाली बघ. सकाळी वली लाकडं लावायची, धूर झाला की तेवढ्यात रडून घ्यायची. शर्मी म्हनायची गॅसवर करा की. गॅसला धूर कुठं असतोय.

जुन्या जळवंडीला मला झाडं बघायला जायाचं न्हाई. ओढ्याकाठी कावळ्याची शिळा हाय. आमच्या मालकांचा भात तिथं ठिवला, तवा भाताचं ताट मधूच्या हातात व्हतं, एवढासा व्हता. त्याचाबी मला तिथंच ठिवायचा व्हता. बाबासो म्हनतो कायदा हाय. ऱ्हाऊ दे. भात नगं. आपुन दोघी शिळंपाशी बसू, डबा खाऊ, माघारी येऊ.

तुला रडू येत न्हाई म्हनून तू येत न्हाईस, असं शर्मीनं आत्ता सांगिटलं. आगं, मी काय तुझं रडनं बघायला बोलावती व्हय? न आलं तर न येऊ दे. दोघीतली एक रडली तरी चालतंय, ती मी रडंन. तू नुसती बस. माझ्या मधूसंगं जी एवढी वर्सं ऱ्हायली तिच्याजवळ मला बसायचं हाय. निशांत ग्वाड पोरगा हाय, पन त्याला काय ठावं मधूचं.

पन त्याच्या आदी माझं पत्र मला दे. बिगर श्रीचं, पन नीट लिहिलेलं. कवा गेला, कसा गेला. शर्मी वाचंल, मी फाडीन, डोक्यावरनं पानी घिईन आन वट्यावर बसून मोकळ्या गळ्यानं रडीन. गावाला कळू दे माझा पोरगा गेला म्हनून. मग दुसरं पत्र धाड, गाडीत कवा बसतीस त्याचं. त्याला श्री घाल.

तानूबाईचा आशीर्वाद.

सानपाडा
८ डिसेंबर २०२४

ती. आत्याबाईंस जयमालाचा नमस्कार.

कळवण्यास दुःख होते की आपले मधुकर २२ ऑगस्ट, गुरुवारी सकाळी, घरीच गेले.

चहा झाला होता. बाल्कनीत तुमच्या नेच्याला पाणी मारत होते. मी आत पोळ्या करत होते. पाण्याची बाटली पडल्याचा आवाज आला. मी आतूनच म्हटलं, फरशी ओली करू नका, घसरायला होतं. उत्तर आलं नाही. तव्यावरची पोळी उतरवून मी गेले. तेवढ्यात झालं होतं. डॉक्टर म्हणाले, लगेच आला असतात तरी उपयोग झाला नसता. त्रास झाला नाही. चेहरा झोपल्यासारखा होता. फरशी ओलीच होती.

सगळं रीतीप्रमाणे झालं. तुम्हाला बोलावलं नाही, तुमच्या मांडीवर डोकं ठेवायचं त्यांचं राहिलं.

पत्र वाचून फाडून टाकावे.

जयमाला

॥ श्री ॥

सानपाडा
१० डिसेंबर २०२४

ती. आत्याबाईंच्या पायांशी, आणि चि. सौ. शर्मिला हिस,
सा. न. आणि आशीर्वाद.

शर्मिला, पोस्टाचं काही सांगता येत नाही. दोन्ही पत्रं एकदम आली तर श्री नसलेलं आधी वाच. आत्याबाईंची आंघोळ झाली की मग हे.

१३ तारखेला सकाळच्या एसटीने निघते. भाऊजींना फाट्यावर यायला सांग. निशांतचं नाव काढून माझं परत घाल, आधारची झेरॉक्स जोडली आहे. मीटिंग पुढे ढकलली. लिफ्ट दोन दिवस अडकली तर लोक जिना चढतील. हिरवी साडी माझ्याकडे नाही, मातकट रंगाची आहे, ती चालेल ना? डबा मी आणते, पोळ्या आणि वांग्याची भाजी, ह्यांच्या आवडीची. उरलं तर परत आणू.

रविवारी ते पत्र पेटीत टाकलं आणि पेटीलाच धरून उभी राहिले. पेटीशेजारी चावीवाला बसतो. त्याने स्वतःचं स्टूल दिलं आणि तो उभा राहिला. त्या स्टुलावर बसून मी किती वेळ रडले मला सांगता येणार नाही. सोसायटीतल्या दोघीतिघी भाजी घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या, मग गेल्या. आज तिसरा दिवस, अजून थांबत नाहीये. भूल उतरली, शर्मिला. फार दुखतंय.

आत्याबाई, तिकडे दोघींनीही रडलं तर चालेल ना? एकीचंच ठरलं होतं.

भेटेपर्यंत जीव सांभाळा, माझ्यासाठी तरी.

तुमची,
जया

ता. क. वर श्री घातली आहे. जरा वाकडी आली, पण तुम्हाला लागेल.